तेवीस गेजच्या चार तारा

आमच्या कारखान्यात जळालेल्या मोटारी नव्याने गुंडाळल्या जातात, आणि गेली एकेचाळीस वर्षे कोणत्या मोटारीत कोणती तार जाईल हे मी ठरवते. त्या दिवशी मात्र चिरंजीवांनी ते परस्पर ठरवून टाकले होते.

मोटार रुग्णालयाच्या पाण्याच्या पंपाची होती. टाकीत तीन दिवसांचे पाणी शिल्लक. मोटारीला लागणारी अठरा गेजची तार संपलेली. व्यापाऱ्याकडे फक्त तेवीस गेजची होती. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी बजावावे लागते. चिरंजीवांना तेवढे ठाऊक होते. त्यांनी कोष्टक पाहिले: अठरा म्हणजे बारा दशांश मिलिमीटर, तेवीस म्हणजे सहा. जाडी निम्मी, म्हणून तारा दोन.

“दोन नव्हे, चार,” मी म्हणाले.

“आई, सहा आणि सहा बारा होतात. एवढं तरी येतं मला.”

“बेरीज येते रे. पण कशाची करायची ते येत नाही. वीज तारेच्या रुंदीवरून चालत जात नाही, तिच्या अख्ख्या पोटातून जाते.”

रुग्णालयाचा तंत्रज्ञ घड्याळाकडे पाहत होता. “काकू, दोनात भागत असेल तर लवकर होईल ना?”

“भागेल की, तासभर. मग पंप धूर ओकेल आणि तुम्ही बादल्या घेऊन जिने चढाल.”

मी सुनेला तांबे तोलायचा काटा आणायला सांगितले. जुन्या गुंडाळीतला वीतभर तुकडा घासून एका पारड्यात टाकला. दुसऱ्यात तेवढ्याच लांबीच्या दोन बारीक तारा ठेवल्या. पारडे जागचे हलेना. तिसरी ठेवली, तरी नाही. चौथी ठेवली आणि काटा मध्यावर आला.

चिरंजीवांनी मोटारीत तारा बसवायच्या एका खाचेत बोट घालून पाहिले. मग म्हणाले, “पण चार तारांवर वीज अडवणारे चार लेप. खाचेत मावणार नाहीत. आणि तुझी बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत.”

पहिली हरकत रास्त होती. दुसरी ऐकत मी खुर्ची ओढून कामाला बसले.

छत्तीस खाचा होत्या. सून चार तारा पीळ न पडू देता शेजारी शेजारी धरी, मी पट्टीने एकेक आत दाबी. सतराव्या खाचेत लेप खरवडला गेला. “वार्निशखाली झाकून जाईल,” चिरंजीव हळूच म्हणाले. मी ते अख्खे वेटोळे उपसून फेकले आणि नवे घेतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पंप सुरू झाला. मोटारीच्या पाटीवर जास्तीत जास्त पंधरा अँपिअर कोरलेले. मीटरने चौदा दाखवले. मी दोन तास तिथून हलले नाही. मोटार कोमट राहिली, वरच्या टाकीत पाणी पडू लागले.

तंत्रज्ञाने काम पुरे झाल्याचा कागद सहीसाठी चिरंजीवांपुढे धरला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मी सही केली आणि खाली सुनेलाही करायला लावली.

“आता तरी घरी बसशील?” त्यांनी विचारले.

“बसेन. तू चार तारा सरळ धरायला शिकलास की विचार.”