ठमीचं अंगण

पेणजवळच्या जोह्याच्या केरूला नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, गणपती उद्या हवा, की हा म्हणे, "व्हय, उद्याच न्या." उद्या उजाडला की पोपटला पुढं करून स्वतः मागच्या दारानं शेतावर पसार. पोपट त्याच्या गणपतीच्या कारखान्यात कित्येक वर्षं रंगकाम करत होता आणि मालकाच्या वाटणीची बोलणी खायची त्याला सवयच झाली होती.

वैशाखात लेक सरू लग्न होऊन रोह्याला निघाली, तेव्हाही केरू असाच व्हय म्हणाला. सरूनं एक कासव पाळलं होतं, ठमी नावाचं. कोलाडच्या हॉटेलात गुजरातकडच्या एका ट्रकवाल्यानं दिलेलं, पाण्यातलं नव्हे, जमिनीवरचं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. जावई तिथं जवळच धाटावच्या कंपनीत कामाला, बिऱ्हाड एका खोलीचं. तिथं ठमीला ऊन नाही की माती नाही.

"बाबा, पावसाच्या आधी तिला परसात आडोसा करून दे," सरू म्हणाली. "ऊन लागंल, माती उकरता यील असा. कारखान्यात नको ठेवू."

"व्हय गो, उद्याच करतो."

तो उद्या काही उजाडला नाही. पाऊस लागला, गणपतीचं काम अंगावर आलं, आणि ठमी कारखान्याच्या कोपऱ्यात एका खोक्यात पडून राहिली. श्रावणात एक दिवस मुकुटांना देऊन वाटीत सोनेरी रंग उरला. केरूचे हात शिवशिवले. जन्मभर ज्याच्या त्याच्या अंगावर रंग चढवलेला माणूस. त्यानं ठमीला पाटावर घेतलं आणि तिची सगळी पाठ सोन्याची करून टाकली.

"दादा, जित्या जिवाला नको," पोपट म्हणाला.

"गप रे, शोभतंय बघ कसं."

शोभलं खरंच, तेच वाईट झालं. पेणच्या बाजारापर्यंत बोलबाला झाला. माणसं सोन्याचं कासव बघायला येत, हळदकुंकू वाहत आणि जाताना मूर्तीही इथूनच ठरवून जात. केरू फुशारून गेला. रंग जरा झिजला की तो स्वतःच दुसरा हात मारी.

गणपती गेले, गर्दी ओसरली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ठमीनं खाणं टाकलंय. डोळे चिकटलेले, मान आत. समोर काकडी धरली तरी ती हलेना. पोरीनं विश्वासानं हवाली केलेला जीव आपण दुकानाच्या पाटीसारखा वापरला, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्यानंतर त्याला जेवण गोड लागेना.

टर्पेंटाइननं रंग निघाला असता, पण बाटलीचा वास घेऊनच त्यानं ती परत ठेवली. मूर्तीच्या दागिन्यांची नक्षी कोरायची बांबूची कोरणी घेतली आणि कोमट पाण्यात भिजवून भिजवून रंग खरवडत बसला. एकीकडं परसातलं कामही काढलं. पहिल्यांदा जागा धरली ती कारखान्याच्या भिंतीलगत. बायको शांती बघून म्हणाली, "अवो, हितं सकाळचं ऊन कुठं येतंय?" मग सगळं मोडून विहिरीकडच्या अंगाला नेलं. ठमी उकरून पळू नये म्हणून जांभ्याचे चिरे जमिनीत हातभर पुरले. परसातली माती भाताच्या शेतासारखी चिकट, ओल धरते, म्हणून आत मुरूम नि रेती कालवून उतार दिला. निम्म्या भागावर पेंढ्याचं छप्पर, खाली फुटक्या माठाचं घर, पाण्याला उथळ परळ. कावळ्याकुत्र्यांची भीती म्हणून खाडीकाठच्या खारेपाटातून कोळ्यांचं मासे धरायचं जुनं जाळं आणून वर ताणलं. इतकं मन लावून त्यानं मोठमोठ्या मंडळांची कामंही केली नव्हती. ठमीनं एका सकाळी डोळे उघडून जास्वंदीचं पान तोडलं, तेव्हा केरू तिथंच मातीत बसून रडला.

पहिल्या दिवाळीला सरू आली. जावयाला शिफ्ट होती, तो पाडव्याला येणार होता. पिशवी ओट्यावर टाकून ती आधी परसात गेली. चिरे, छप्पर, उतार, एकेक बघत राहिली.

"बाबा, तू खरंच केलंस रे," ती म्हणाली. "मला वाटलं व्हतं, तू इसरशील."

केरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरूनं ठमीला उचललं, उन्हात धरलं. चांदण्यांच्या खाचांत अजून सोनं राहिलं होतं.

"ह्ये काय लागलंय?"

आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण तिचा चेहरा असा खुललेला होता की त्याची जीभच उचलेना, आणि उचलली ती सवयीच्या वाटेनं गेली. "त्यो पोपट. चावटपणा केलान मेल्यानं. मी नव्हतो घरी."

सरूनं ठमीला हळूच मातीवर ठेवलं.

संध्याकाळी पोपट आला. सरू आल्याचं ऐकून घरच्या करंज्यांचा डबा घेऊन आला होता. लहानपणी तिला ब्रश धरायला यानंच शिकवलेलं. "काय सरू, कशी हायस?" त्यानं विचारलं. सरूनं पाठ फिरवली आणि ती आत निघून गेली.

पोपटनं केरूकडं पाहिलं. केरूनं नजर खाली घातली. पोपटला सगळं समजलं असावं. डबा ओट्यावर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि तो निघाला. गिऱ्हाइकांच्या तोंडी देत होतो तोवर ठीक, आज पोरीच्या नजरेतून उतरवलं याला, असं केरूला वाटलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला.

"थांब रे पोपट." तो दारात गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "सरू, भायेर ये. ठमीला मी रंगवलं. लोकान्ला दाखवायला. ह्यो नको म्हणत व्हता. चार महिने खोक्यात ठेवली, मरता मरता वाचली ती. मी खोटं बोललो."

सरू बाहेर आली. बापाकडं बघितलं नाही. "काका, बसा," ती पोपटला म्हणाली, "च्या टाकते." चहा तिनं त्याच्या हातात नेऊन दिला, करंजी त्याच्यादेखत खाल्ली. केरू खांबाला टेकून उभा होता. ती चिडेल, रडेल, चार शब्द सुनावील, म्हणून तो वाट बघत होता. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

दिवाळी सरली. निघायच्या सकाळी जावई पिशव्या घेऊन पुढं झाला आणि सरू आईला घेऊन परसात आली. ठमी उन्हाला बसली होती. केरू पानं तोडून आणून चिऱ्यांशी उभा होता.

"जागा चांगली केलीयस," सरू म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हिला हितंच ऱ्हाऊ दे. माझ्याकडं नेली तर मरंल." मग ती शांतीकडं वळली. "पण आई, तू बघ हिच्याकडं. बाबाच्या हाती देऊ नको."

शांतीनं नवऱ्याकडं पाहिलं.

"व्हय," केरू म्हणाला, आणि हातातली जास्वंदीची पानं त्यानं शांतीच्या हातात दिली.