रंग न चढणारा हात

"उमटला! हात उमटला!"

शाळेच्या व्हॅनच्या काचांना नाके चिकटवून उभ्या असलेल्या गर्दीतून आरोळी उठली आणि मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकवल्या. आत, राखाडी रंगाने नुकत्याच माखलेल्या डॅशबोर्डवर, खरोखरच एक हात उघडा पडत होता. ओला रंग आपणहून मागे सरत होता. त्यात बारीक गोल खळगे पडत होते, खळगे एकमेकांना मिळत होते आणि त्यांतून तळवा नि पाच बोटे असा, खालच्या जुन्या काळ्या प्लास्टिकचा आकार वर येत होता. ज्या बाईने रंग मारला होता, ती स्प्रे गन हातात तशीच धरून आ वासून पाहत होती.

तिला सगळे ताई म्हणत. मोटारींच्या आतल्या प्लास्टिकला आणि व्हिनाइलला नवा रंग देणे हा तिचा व्यवसाय. उन्हाने विटलेले डॅशबोर्ड, कोपर घासून पांढरे पडलेले दारांचे हातटेकू, गुडघ्यांनी ओरबाडलेल्या पट्ट्या तिच्या कारखान्यातून नव्यासारख्या होऊन बाहेर पडत. तिचा रंग सुटला, असे आजवर कोणी म्हटले नव्हते. आज मात्र तिच्याच अंगणात, तिच्याच सख्ख्या भावाच्या व्हॅनमध्ये, तिचा रंग चारचौघांत हरला होता. हात लावून गाड्या अपघातमुक्त करतो म्हणणाऱ्या स्पर्शगुरूंनी रंगाआधी डॅशबोर्डवर तळवा टेकवला होता, आणि तोच आता उमटला होता.

"अजून एक थर द्या, बाई," स्पर्शगुरू मखमली पिशवीत उजवा हात घालून शांतपणे म्हणाले. "मनात किंतू नको."

ताईने दुसरा थर दिला. हात पुन्हा उमटला, पहिल्यापेक्षा ठळक.

"रंग म्हणजे आवरण!" गुरूंचा स्वर चढला. "आमचा स्पर्श आवरण फेडतो! आमच्या हाताची कंपनं वाहनाच्या अणुअणूला ओळखतात, आणि ओळखीचा अणू कधी अपघात करत नाही! आहे विज्ञानाकडे उत्तर?"

विज्ञान तिथे हजर नसल्यामुळे उत्तर आले नाही. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

गर्दी पांगल्यावर भाऊ व्हॅनच्या बोनेटवर ऐटीत बसला. "बघितलंस ना, ताई? आता लायनर बदलायची गरज नाही."

"काय म्हणालास?"

"ब्रेकचे लायनर गं. मेकॅनिक महिनाभर मागे लागलाय, झिजले झिजले म्हणून. गुरू म्हणाले, एकदा हात ठेवला की गाडी चालवणारा तू नाहीस, मी."

"मग लायसन्स त्यांच्या नावावर करून घे."

"तू थट्टाच कर! तुझा रंग टिकला नाही, त्याचा राग आहे तुला."

ताईची भावजय दारात उभी राहून हे ऐकत होती. नवरा तिथून निघून गेल्यावर ती जवळ आली. "वन्सं, तुम्हीच काहीतरी करा. शाळेचा तो उतार तुम्हाला ठाऊक आहे. परवा सकाळी हे पोरांना घेऊन निघणार. त्यात आपली छकुलीही आहे. मी बोलले तर म्हणतात, तुझी श्रद्धा कच्ची."

"त्याची श्रद्धा पक्की असू दे, ब्रेक कच्चे आहेत," ताई म्हणाली. पण नुसत्या कोटीने व्हॅन थांबत नाही, हे तिलाही कळत होते. जो हात तिने स्वतःच्या डोळ्यांनी उमटताना पाहिला, तो खोटा कसा म्हणायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात आली ती हाच प्रश्न डोक्यात घेऊन. एका गिऱ्हाइकाच्या दाराची पट्टी रंगवून वाळली होती. गिऱ्हाइकाला चकाकी हवी होती, म्हणून तिने डॅशबोर्ड पॉलिशची बाटली काढून पट्टी पुसून दिली. पॉलिशची बाटली रंगाच्या खोलीपासून लांब ठेवायची आणि पॉलिशनंतर हात स्वच्छ करूनच गनला लावायचा, हा तिच्या कारखान्याचा कडक नियम. त्या दिवशी लक्ष व्हॅनच्या ब्रेककडे. तिने तशाच हाताने व्हिनाइलचा एक टाकाऊ तुकडा टेबलावर दाबून धरला, छटा पाहण्यासाठी त्यावर रंग मारला आणि गन खाली ठेवली.

रंग मागे सरला. चार बोटे वर आली.

ताई एकटीच इतकी मोठ्याने हसली, की भावजय हातातले काम टाकून धावत आली.

"काय झालं, वन्सं?"

"मला सिद्धी मिळाली! ये, पाया पड!"

पण एकदा घडले म्हणून ताई विश्वास ठेवणारी नव्हती. तिने नवा तुकडा घेतला, त्यावर पॉलिशचा हात दाबला, मधोमध चिकटपट्टी लावली आणि एकच बाजू तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, कोऱ्या कापडाने पुसली. मग पट्टी काढून सगळ्यावर सारखा रंग मारला. न पुसलेल्या बाजूला अर्धा हात उमटला. पुसलेली बाजू गुळगुळीत राहिली.

"म्हणजे काल..." भावजय म्हणाली.

"काल मी रंगाआधी पुसायला गेले, तर त्यांचा तो शिष्य अंगावर आला. पवित्र स्पर्श पुसू नका म्हणे! माझ्याकडची कुठलीही वस्तू पुसल्याशिवाय रंगत नाही. नेमकं कालच भिडेखातर सोडलं, आणि तिथेच फसले."

दुपारी पुन्हा गर्दी जमली. कालचा चमत्कार ऐकून आज तीन गाड्या गुरूंच्या आशीर्वादासाठी रांगेत होत्या. ताईने अंगणात टेबल मांडून त्यावर व्हिनाइलचे तुकडे ठेवले आणि हात जोडून म्हणाली, "गुरुजी, परवानगी असेल तर आज माझ्या भावाचा हात उमटवते."

"त्याला साधना लागते, बाई."

"मग उमटणार नाहीच. तुमचं काय जातंय?"

गर्दी हसली. भाऊ कुरकुरत पुढे आला. ताईने त्याच्या तळव्यावर कसलेसे चार थेंब टाकले, चोळायला लावले आणि तळवा तुकड्यावर दाबला. तिने गन चालवली. सगळे वाकले. राखाडी रंग फाटला आणि भावाची पाच बोटे, लहानपणी दारात सापडून वाकडी झालेल्या करंगळीसकट, वर आली.

"अगं बाई, याचीच करंगळी!" कोणीतरी ओरडले.

"कसले थेंब होते ते?" भावाने विचारले.

"डॅशबोर्डचं पॉलिश. त्यात सिलिकॉन असतं. तेलकट ताटावर पाणी ओतलं, तर ते पसरतं का? थेंब थेंब होऊन दूर पळतं. तसाच रंग सिलिकॉनवरून पळतो. वर कितीही थर द्या, खालचं पुसेपर्यंत तो बसत नाही."

"आमच्या हाताला पॉलिश नसतं!" गुरू गरजले आणि हात पिशवीत गेला.

"मग हा पुसून घ्या." ताईने द्रावण लावलेले कोरे कापड पुढे केले. "आणि त्या पिशवीत न घालता ठेवा इथे."

"रसायनाने कंपनं मरतात!"

"कालच्या रंगात काय गुलाबपाणी होतं? त्या रसायनाने नाही मेली?"

गुरू मागे सरले, शिष्य पुढे सरला, आणि या सरकासरकीत पिशवी निसटून खाली पडली. भावजयीने ती चपळाईने उचलली आणि दुसऱ्या तुकड्यावर जोरात दाबली. ताईने तिथेही गन चालवली. मखमली शिवणीसह पिशवीचा आकार झकास उमटला. भावजयीने पिशवी उलटी केली, तर आतून पॉलिशने निथळणारा स्पंज बाहेर आला.

"पिशवीही सिद्ध आहे हो!" मागून आवाज आला, आणि अंगणात हशा उसळला. तो ओसरेपर्यंत स्पर्शगुरू स्वतःच्या गाडीत बसले होते. त्या गाडीचे ब्रेक बहुधा चांगले असावेत, कारण फाटकाशी ती अगदी नेमकी थांबून मग वळली.

भाऊ मात्र टेबलाशीच उभा होता. ताई त्याच्या बाजूला आली.

"हा तुझाच हात आहे ना?"

"हो."

"उतारावर बारा पोरं मागे बसलेली असताना, हा हात डॅशबोर्डवर ठेवून व्हॅन थांबवशील?"

भावाने खिशातून व्हॅनची किल्ली काढून ती तिच्या हातात दिली. "ताई, मेकॅनिकला इथेच बोलव. मी आता ही चालवत नाही."

मेकॅनिक तासाभरात हजर झाला. चाक काढून त्याने लायनर वर धरले. ते नखाच्या जाडीएवढेही उरले नव्हते. भावजयीने ते पाहिले आणि छकुलीला उचलून घेतले. सोमवारी व्हॅन मेकॅनिककडेच राहिली. मुले पालकांसोबत पायी उतार उतरली, आणि भाऊ सगळ्यांची दप्तरे घेऊन त्यांच्यामागून चालला.

वाचकहो, कोणी चमत्कार दाखवू लागले, तर डोळे मिटू नका आणि भांडूही नका. एवढेच पाहा, की तिथे काय करण्याची मनाई आहे. पुसू नका, उघडू नका, विचारू नका, असे जिथे सांगितले जाईल, नेमके तिथेच पुसा, उघडा आणि विचारा. खरी गोष्ट पुसल्याने जात नाही. आणि आपल्या भरवशावर जे लहान जीव मागच्या आसनावर बसतात, त्यांच्यासाठी एवढी तपासणी करणे हे आपले कर्तव्य आहे.