आत्याचे चांगले दिवस

आत्याने हाताचं ऑपरेशन पुढे ढकललं ते भाचीच्या शब्दावर. हातातली शीर धमनीला जोडून ठेवली की पुढे डायलिसिसची सुई तिथे टोचता येते, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते. पण सुरीचं नाव काढलं की आत्या विषय बदलायची. आणि भाचीचं कामच मुळी हे होतं: वरचेवर होणाऱ्या रक्ततपासण्यांवरून कुणाची किडनी केव्हा हात टेकेल, याचा अंदाज बांधायचा. आत्याच्या रक्तातल्या क्रिएटिनिनचे दोन वर्षांचे आकडे तिने गणितात घातले. रेघ जवळजवळ आडवी निघाली.

"इतक्यात काही लागत नाही डायलिसिस," ती म्हणाली होती. आत्याला तेच हवं होतं.

दोन महिन्यांनी भाची घरी आली, तर आत्याच्या पायात चप्पल शिरेना.

"पाय बघ किती सुजलेत! तपासणीला का गेली नाहीस?"

"बरं वाटलं की जाते की. लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद. अंगात त्राण नसताना कोण मरायला जिने चढतंय?"

"म्हणजे नेहमी बरं वाटेल तेव्हाच जायचीस?"

"मग? तू तरी गेली असतीस का?"

भाचीला आता कुठे उलगडलं. हुकलेल्या तपासण्या तिने विसरभोळेपणात जमा केल्या होत्या आणि मधल्या रिकाम्या महिन्यांवरून खुशाल रेघ ओढली होती. खरं दुखणं त्या रिकाम्या महिन्यांतच होतं. एवढी शिकलेली बया, पण मधले महिने गेले कुठे, एवढं साधं विचारायचं तिला सुचलं नाही.

तिने आत्याला तशीच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. क्रिएटिनिनचा आकडा दुपटीच्या वर गेला होता.

"जोडलेली शीर तयार व्हायला महिना-दोन महिने लागतात, आता तेवढा वेळ नाही," डॉक्टर म्हणाले. "आजच मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागेल. थांबा म्हणून सांगितलं कुणी?"

"कुणी नाही, मीच घाबरले," आत्या पटकन म्हणाली.

"मी सांगितलं," भाची म्हणाली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

डॉक्टर तयारीला लागले. आत्याने उशीवर मान वळवली. समोर डॉक्टर उभे असताना तिने विचारलं ते भाचीलाच.

"फार दुखेल का गं?"

"माहीत नाही, आत्या," भाची म्हणाली आणि तिने आत्याचा हात धरला.