कापश्याच्या डोळ्यांचा फडका

मी एक जुना, विटका फडका आहे. घाटावरच्या कर्जतजवळच्या एका वस्तीवर चुलीमागच्या खुंटीला लटकतो आहे. मित्रांनो, पिळून पिळून माझ्यात आता त्राण उरलेले नाही, तेव्हा आवरते घेत सांगतो.

जन्माने मी गोरक्षच्या लग्नातल्या धोतराचा सोगा. धोतर विरले, तेव्हा त्याच्या बायकोने, लंकाबाईने, माझा मऊ तुकडा फाडून ठेवला. मला वाटले, आता विश्रांती. कसली विश्रांती!

ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. बैल छावणीत गेले होते. नवरा-बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि कापश्या त्यांच्या मागे. कापश्या म्हणजे त्यांचा पांढराशुभ्र, केसाळ कुत्रा. घरात मूलबाळ नव्हते. लंकाबाई भाकरीचा पहिला तुकडा त्यालाच घालायची.

त्या उन्हाळ्यात कापश्याचे डोळे सारखे पाझरू लागले. डोळ्यांखाली दोन तांबूस ओघळ उमटले. शेजारची भागूबाई दारातूनच म्हणाली, “लंके, कुत्रं रडतंय. दारात आसलं बरं न्हाई.”

गोरक्ष आधीच दुष्काळाने पिचलेला. त्याने ते मनावर घेतले. “बाजाराच्या दिवशी ट्रकमधी घालून लांब सोडून येतो,” तो म्हणाला.

लंकाबाई हबकली. तिने आपल्या घरात सगळ्या दुखण्यांवर चालते तेच केले: ओघळांवर हळद चोपडली. कापश्या हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक झाला, डोळे चुरचुरून आणखी वाहू लागले आणि सारी वस्ती पोट धरून हसली. ती हळद पुसताना मीही पिवळा पडलो. तो डाग अजून गेलेला नाही.

मग तिने त्याचे तोंड मांडीवर घेऊन नीट पाहिले. कपाळावरचे केस वाढून थेट डोळ्यांत टोचत होते. तिने गोरक्षची मिशी कातरायची कात्री घेतली, डोळ्यांवर तळहात आडवा धरला आणि केस जपून कापले. आपल्या वाट्याच्या पाण्यातले पेलाभर उकळून निववले. मला त्यात बुडवून डोळ्याच्या कोपऱ्यापासून बाहेर अलगद पुसले, साबण लावला नाही. मग माझ्याच कोरड्या टोकाने गाल टिपले, कारण ओल राहिली की डाग पुन्हा धरतो. सकाळी पुसणे, कामावरून आल्यावर पुसणे. मला उकळून वाळत घालणे. मी थकलो, पण ती थकली नाही.

डोळे निवळत चालले, पण रंगलेले केस काही पांढरे होईनात. ते वाढून कापले जातील तेव्हाच डाग जाणार होता, आणि बाजार तर तोंडावर आला होता.

बाजाराच्या सकाळी गोरक्षने खुंटीवरचे दावे काढले. लंकाबाई मला हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिचे डोळे लालबुंद होते आणि धुळकट गालांवरून दोन ओघळ उतरले होते, अगदी कापश्यासारखे. इतके दिवस कुत्र्याच्या डोळ्यांतले पाणी सगळ्यांना दिसले, तिच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते.

“अगं, तूबी रडतीस व्हय?” गोरक्षने विचारले.

“रडत न्हाई. खडीची धूळ हाय. रोजच पानी येतं.” तिने कापश्याकडे बोट केले. “त्याच्याबी डोळ्यात तीच हाय. मलाबी सोडून येनार का लांब?”

 गोरक्षने दावे परत खुंटीला अडकवले. मग आपला पाण्याचा पेला उचलला, माझे एक धुतलेले टोक त्यात भिजवले आणि बायकोचे डोळे पुसले. आडदांड हात, पण किती हळू चालला! त्या दिवशी प्रथमच माझा शीण उतरला.

पुढे तांबूस केस वाढून कापले गेले, कापश्या पुन्हा पांढरा झाला आणि म्हातारा होऊन त्याच दारात गेला. तेव्हापासून मी खुंटीवर आहे. धूळ साचते, कुणी झटकत नाही.

मित्रांनो, तुमच्या कुत्र्याचे डोळे पाझरले तर रोज स्वच्छ, ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा. डोळा लाल झाला, घाण येऊ लागली तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याला अपशकुनी म्हणू नका. आणि पुसून झाले की जरा वर, पुसणाऱ्या माणसाच्या तोंडाकडेही बघा.