परसदारचे बूट

पिंपळवंडीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की सोपाननानांना मुलाचं घर बघायला बरोबर नेल्याशिवाय पुढचं बोलणं होत नसे. बाकीचे पाहुणे ओसरीवर पोहे खात बसायचे. नाना मात्र "जरा हात धुतो" म्हणून परसदारी जायचे. गोठा बघायचे, घासलेली भांडी बघायचे, दोरीवरचे कपडे बघायचे. एकदा एका घरात त्यांना बंद खोलीच्या दाराबाहेर उष्टी थाळी दिसली. विचारपूस केली तेव्हा डोक्यावर परिणाम झालेला नवरदेवाचा थोरला भाऊ घरच्यांनी लपवून ठेवल्याचं कळलं. सोयरीक तिथंच मोडली.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात नानांवर स्वतःच्या लेकीचं घर बघायची वेळ आली, ती इटलीत. स्नेहल फ्लॉरेन्सला जुनी चित्रं साफ करून दुरुस्त करायला शिकत होती. तिथं तिला मातेओ आवडला. शहराबाहेर डोंगरउतारावर त्याचं दगडी, दुमजली घर होतं, भोवती द्राक्षबाग. "तुमी हो म्हणाला तरच लग्न," स्नेहल फोनवर म्हणाली होती. "येऊन ऱ्हावा आठवडाभर. मी तरी कुठं बघितलंय सगळं? एकदाच जेवायला गेले व्हते." म्हणून नाना आणि त्यांची बायको लंकाबाई स्वेटर-कानटोप्या घालून तिथं मुक्कामाला आले.

फाटकातच कुत्रं धावून आलं. नानांवर भुंकलं, लंकाबाईंवर भुंकलं आणि स्नेहलच्या पायाशी जाऊन लोळलं. नानांनी ते बघून ठेवलं.

घरात मातेओ आणि त्याचा बाप आल्दो, दोघंच. आई कधीच वारली, असं स्नेहलनं सांगितलं. मातेओला तिनं तीन शब्द शिकवले होते. पावाकडं बोट दाखवून तो म्हणे, "नाना, लई छान." चुलीकडं बोट दाखवूनही तेच.

"पोपट बरा पढवलाय," नाना म्हणाले आणि सवयीनं परसदारी गेले.

दाराआड रबरी बुटांचे तीन जोड होते. दोन मोठे. तिसरा लहान, बाईमाणसाचा, ओल्या चिखलानं भरलेला.

दुपारी जेवणं झाली. आल्दोनं एक वाडगा घेतला, किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि तो माळ्यावर गेला. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग त्याचं बोलणं ऐकू येऊ लागलं, जरा रागावल्यासारखं, जरा लाडीगोडीचं. बऱ्याच वेळानं तो वाडग्यावर फडकं टाकून खाली आला, बागेत गेला. आणि मग वर काहीतरी धाडकन आपटलं.

"ऐकलंस?" नाना लंकाबाईंना म्हणाले.

"उंदीर असंल."

"उंदराला दार आपटता येतंय व्हय? अगं, ह्याची बायको मेलेली न्हाई. वर कोंडलीय."

"काईबाई बोलू नका! पावणं हाय आपण."

त्यांनी स्नेहलला विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माळा हाय नाना. अडगळ."

"अडगळीशी बोलतंय व्हय ते म्हातारं?"

स्नेहल उठून भांडी विसळायला गेली. ती अशी टाळून गेली म्हणूनच नानांचा संशय पक्का झाला. असल्या घरात लेक द्यायची नाही, पण नकार द्यायचा तर डोळ्यांनी बघून.

दुसऱ्या दिवशी आल्दो वर गेला, तसे नाना पाठोपाठ निघाले. कडी लागायच्या आत त्यांनी दार ढकललं.

बाई नव्हती. वाशांपासून खाली दोऱ्यांनी टांगलेले द्राक्षांचे घड होते, सुरकुतत चाललेले. गोड दारूसाठी वाळवायला ठेवलेले. आल्दो कात्रीनं कुजका मणी काढून वाडग्यात टाकत होता आणि घडाला दटावत होता. वाऱ्यानं खिडकीची फळी धाडकन आपटली.

नाना ओशाळले. परत फिरणार, तोच त्यांची नजर दोरीवर गेली. दोन वेढे आणि टोक उलटं आत खोवलेलं. त्यांच्या आईनं नातीला, स्नेहलला, गावच्या द्राक्षबागेत वेलाच्या काड्या तारेला बांधताना शिकवलेली गाठ. अर्धा माळा त्याच गाठींनी भरला होता. कोपऱ्यातल्या वाशावर मागच्या हंगामाच्या जुन्या दोऱ्या लोंबत होत्या. त्यांनाही तीच गाठ.

आल्दोनं तिकडं बोट दाखवलं आणि कौतुकानं म्हणाला, "स्नेहल!"

नाना जिना उतरले. खाली स्नेहल उभी होती, तोंड उतरलेलं.

"बूट तुझंच ना?"

तिनं मान डोलावली.

"किती दिस ऱ्हातीस हितं?"

"दुसरं वरीस, नाना. आधी सांगितलं असतं तर तुमी आलाच नसता."

"नसतोच आलो."

लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. नाना परसदारी गेले. तो लहान जोड उचलून त्यांनी पायरीवर आपटला. वाळत आलेला चिखल पडेपर्यंत आपटत राहिले.

परत आले तेव्हा त्यांचा आवाज निवला होता. "खोटं बोललीस त्याचं मागनं बघतो. वरच्या दोऱ्या ढिल्या पडल्यात. घड वाळला की देठ बारीक व्हतो, गाठ परत आवळावी लागती. आजीनं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं व्हतं."

"अवो, मग हो म्हणायचं का न्हाई?" लंकाबाईंना राहवेना.

"त्या पोपटाला वर बोलवा," जिन्याची पायरी चढत नाना म्हणाले. "त्याला गाठ मारता येती का, ते बघू दे."