शुक्रवारचा पेला

मी चांदीचा पेला बोलतोय. पनवेलला टपाल नाक्याजवळ इझिकेलच्या घरी असतो. त्याच्या वडिलांच्या लग्नात मला घडवलं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या पवित्र शनिवारच्या, मेणबत्त्या लागल्या की घरधनी मला हातात धरून किद्दुशची प्रार्थना म्हणतो, एक घोट घेतो आणि मग मी घरातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरतो. आमच्याकडे माझ्यात वाइन नसते. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत असतं.

बाकीचे दिवस मी कपाटात आराम करतो असं वाटलं ना? छे! इझिकेलला दारू लागली आणि तो मला वेळीअवेळी बाहेर काढू लागला. माझ्यात रम ओतू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आदिना ही त्याची एकुलती लेक. आज पप्पा कसे आले आहेत, ते तिला जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं. पाऊल अडखळलं की दप्तर उचलून ती शेजारच्या शकूमावशीकडे पळायची. मैत्रिणींना तिने कधी घरी बोलावलं नाही. शुक्रवारी मला घासायला घेताना आधी माझा वास घ्यायची. एवढ्याशा पोरीच्या जिवाला केवढा घोर!

दोन हजार अकरा साली इझिकेलने दारू सोडली. हात थरथरायचे, पण सोडली. आदिना मात्र वास घेतच राहिली.

आज इझिकेलची बहीण रिबका इस्राएलहून आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोनवर आदिनाची आई तमार नेहमी "सगळं मजेत" म्हणायची. आत्याने मोठ्या झोकात वाइनची बाटली काढली.

"आज किद्दुश खऱ्या वाइनवर! आदिना, पेला भरून आण गं."

तमारचा चेहरा उतरला. पण पाहुणीसमोर बोलायचं कसं?

स्वयंपाकघरात आदिनाने पेलाभर वाइन मोरीत ओतली आणि माझ्यात सरबत भरलं.

इझिकेलने मला उचललं. डोळे मिटून प्रार्थना म्हटली. ओठ लागताच त्याला कळलं. त्याने आदिनाकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. आता मी आत्याच्या हातात जाणार, ती घोट घेणार आणि पोरीची लबाडी उघडी पडणार! इझिकेलने मला पुन्हा तोंडाला लावलं आणि थेंबही न ठेवता रिकामं केलं.

"अरे, हे काय? असं गटागटा?" आत्या ओरडली.

तमार मटकन खाली बसली. "सुटली होती हो ताई, चांगली सुटली होती याची..." म्हणत रडायला लागली. आत्याने बाटली उचलून आपल्या पिशवीत कोंबली.

"दारुडा झालास तू? आणि पोरीसमोर लाज नाही वाटत?"

इझिकेल अजूनही मान खाली घालून बसला आहे.

मी टेबलावर रिकामा आहे. तळाशी मनुकेचं साल चिकटलंय, पण माझ्यात डोकावतो कोण? आदिना दाराशी उभी आहे, पळायच्या बेतात. बाळा, माझा आवाज यांना ऐकू येत नाही. तूच सांग त्यांना. जा, पप्पांजवळ जा. घाबरू नकोस गं, आज ते पूर्ण शुद्धीत आहेत.