माझ्यावर कोणाचाच हात नव्हता

मी एक जुना दांडा आहे. हसू नका, मित्रांनो! दांडा म्हटलं की तुम्हाला झाडूचाच आठवणार, ठाऊक आहे मला. पण मी विमानाचा दांडा आहे. मला डावीउजवीकडे कलवलं की विमान कलतं, पुढे ढकललं की खाली जातं, मागे ओढलं की वर. आता सांगायला बसलो आहे खरा, पण त्या दिवसापासून माझा थरकाप काही थांबलेला नाही. सांगताना मध्येच कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

आमचं विमान शिकाऊ, म्हणून त्यात दांडे दोन. एका कारखान्यात एकाच पोलादी नळीचे दोन तुकडे झाले. एक माझा भाऊ, एक मी. बैठकीच्या खालून एका सळईने आम्हाला जोडलं. तो हलला की मी हलतो, मी अडलो की तो अडतो. भाऊ डावीकडे, शिकणाऱ्याच्या हातात. मी उजवीकडे, शिकवणाऱ्याच्या हातात. त्यामुळे घरातला मोठेपणा माझ्याकडे आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. भावाचं मत मी कधी विचारलं नाही.

आमच्यावाचून त्या विमानाचं पान हलत नाही. पण कौतुक कोणाचं? पंखांचं, इंजिनाचं, पुढच्या त्या फिरत्या पात्यांचं! पहिल्यांदा एकटं उडून आलेली मुलंमुली पात्यांजवळ उभी राहून फोटो काढतात. आम्हा भावांबरोबर आजवर एकानेही फोटो काढलेला नाही. माझं रबर फाटलं तेव्हा मेस्त्रीने त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "चालतंय की!" झाला माझा औषधोपचार.

मग माझ्या आयुष्यात बाई आल्या.

बाई उडायला शिकवायच्या, पण आमच्या उड्डाणशाळेच्या नोकरीत नव्हत्या. बाकीच्या शिक्षकांना गणवेश होता, कपाटं होती, भिंतीवर नावाच्या पाट्या होत्या. बाईंना यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या गाडीची डिकी हेच त्यांचं ऑफिस. त्यात उंची वाढवायला एक उशी, एक छत्री, हेडफोन आणि जेवणाचा डबा. कोणी शिकवायला बोलावलं की त्या यायच्या, काम झालं की जायच्या. आणि बोलवायचं कोण? ज्यांच्यापुढे बाकीच्यांनी हात टेकले होते, असे सगळे. बाईंचा हात मात्र मला फार आवडायचा. दोन बोटं आणि अंगठा, बस्स. कित्येकदा शिकणारा चुकायला लागला की त्या मला एवढंसं ढकलत आणि गप्प बसत. शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच सावरलं. मला भारी गंमत वाटायची.

अशातच काका आले. पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेलं, आणि हात म्हणजे पकड! काकांनी सगळं आयुष्य बस चालवण्यात घालवलं होतं, तीही विमानतळाच्या कर्मचाऱ्यांची. रोज वैमानिकांना विमानाच्या दारापर्यंत सोडायचं आणि तिथूनच बस मागे वळवायची. "एकदा तरी त्या दाराच्या आत जाऊन एकट्यानं उडायचंय," ते बाईंना म्हणाले. "कोणी शेजारी नको. तुम्हीपण नको, राग मानू नका."

"राग कसला? तुमच्या शेजारून उठणं हेच तर माझं काम," बाई म्हणाल्या.

पण काका माझ्या भावाला असे आवळायचे की त्याचा जीव घशाशी यायचा, आणि सळईतून माझाही. विमान शांत हवेतही खड्ड्यातून गेल्यासारखं उडायचं. बाईंनी काकांच्या बोटांच्या मध्ये एक पेन्सिल अडकवली. आवळलं की पेन्सिल रुतणार! काका "आई गं" म्हणत हात सैल सोडायचे. असं करता करता त्यांचा हात हलका झाला. इतका हलका, की धरलंय की नाही तेच कळू नये. बाई खूष. मीही खूष. सगळेच खूष होतो, आणि तिथेच घोटाळा झाला.

विमानात एक नियम असतो, मित्रांनो. दांडा देताना म्हणायचं, "विमान तुमच्याकडे." घेणाऱ्याने म्हणायचं, "विमान माझ्याकडे." मोठ्याने, अगदी दर वेळी. बाईंनी हे काकांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण पुढे दोघांचं असं जमलं की बोलायची गरज वाटेना. बाई मान हलवायच्या, काका दांडा घ्यायचे. काका भुवई उडवायचे, बाई घ्यायच्या. मला तर ते फारच झकास वाटायचं.

तेवढ्यात शाळेच्या प्रमुख साहेबांनी निरोप दिला. "विमानासाठी रांग लागली आहे. या आठवड्यात काका एकटे उडाले तर ठीक, नाहीतर त्यांना नमस्कार सांगा." काकांचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "उद्याच उडाल. एक फेरी माझ्याबरोबर, मग मी खाली उतरते."

आणि तो दिवस उजाडला. फेरी सुरेख झाली. आम्ही वळून धावपट्टीच्या समोर आलो, हळूहळू खाली उतरू लागलो. समोर पाखरांचा थवा उठला. बाईंनी झटकन मला धरलं, विमान बाजूला घेतलं, परत रेषेत आणलं. मग सवयीप्रमाणे मान हलवली, मला सोडलं आणि हाताची घडी घातली.

काका समोर बघत होते. त्यांनी मान पाहिलीच नाही. बाईंनी दांडा घेतला तेव्हा त्यांनी आपला हात गुडघ्यावर ठेवला होता, तो तिथेच राहिला.

आधी मला काहीच कळलं नाही. मला वाटलं, काकांचा हात हलकाच आहे, भावाला धरलं असेल त्यांनी. म्हणून सळईतून अंदाज घेतला. भाऊ थरथरत होता. भावावर हात नव्हता! माझ्यावरही नव्हता! मित्रांनो, विमान जमिनीकडे चाललं होतं, आत दोन शहाणी माणसं बसली होती आणि आम्हा दोघांना कोणीच धरलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी ओरडणार कशाने? दांड्याला तोंड असतं का?

वाऱ्याने डावा पंख हळूहळू खाली जाऊ लागला. काका मनात म्हणत असणार, बाई वाऱ्यात कसं उतरायचं ते दाखवतायत. आणि बाई म्हणत असणार, काका आता स्वतःच सावरतील, मध्ये पडायला नको. दोघंही गप्प, दोघंही कौतुकाने समोर बघतायत!

"छान चाललंय, काका," बाई म्हणाल्या. "फक्त डावा पंख उचला आता."

"मी?"

"मग कोण?"

"अहो मॅडम, विमान तुमच्याकडे आहे ना?"

धावपट्टीच्या अलीकडच्या कुंपणाच्या तारा मला काचेतून एकेक दिसत होत्या. दोघांनी एकदम झडप घातली. भावाला काकांनी मागे खेचलं, मला बाईंनी उजवीकडे दाबलं. पहिल्या दिवसाची ती बसवाली पकड परत आली होती. आमची सळई कळवळली. मला वाटलं, संपलं सगळं.

"माझ्याकडे!" बाई अशा ओरडल्या की आजही तो आवाज माझ्या पोलादात आहे. "विमान माझ्याकडे!"

काकांनी दोन्ही हात वर केले. बाईंनी पंख सरळ केला, इंजिनाला पूर्ण जोर दिला. चाकं कुंपणापलीकडच्या गवताला घासून गेली. विमान कण्हत वर चढलं. मग आम्ही पूर्ण फेरी मारली. बाईंनी उतरवलं, विमान कडेला उभं केलं आणि इंजिन बंद केलं. त्यांच्या बोटांना दरदरून घाम सुटला होता. माझी पट्टी भिजली.

"मॅडम," काका कसेबसे म्हणाले, "मग इतका वेळ उडवत कोण होतं?"

"कोणीच नाही."

काकांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात प्रमुख साहेब तरातरा चालत आले. त्यांनी विमानाचं दार उघडलं.

"खिडकीतून पाहिलं मी. कुंपणाजवळ विमान कोणाच्या हातात होतं?"

बाई जर म्हणाल्या "काकांच्या", तर काकांचं उडणं कायमचं बंद. म्हणाल्या "माझ्या", तर एवढं वाकडं विमान आणणाऱ्या बाईंना इथे कोण ठेवणार?

"कोणाच्याच नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "मी मान हलवून सोडलं. तोंडानं बोलले नाही. काकांचा यात काही दोष नाही."

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही इथल्या नोकरीत नाही. मी तुम्हाला आत्ता फाटक दाखवू शकतो."

"दाखवा. पण काकांना दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा. त्यांचा हात खरंच चांगला झालाय."

"दुसऱ्या कोणाकडे?" साहेब वैतागले. "सगळ्यांनी नाद सोडला म्हणून तर तुमच्याकडे आले! आता तोंडं उघडा आणि परत वर जा. मी इथेच उभा आहे."

आणि आम्ही गेलो. काय ती बडबड! बाई द्यायच्या, काका घ्यायचे, काका द्यायचे, बाई घ्यायच्या, आणि दर वेळी दोघं असे ओरडायचे की जसा काही मधे डोंगर आहे. दोघांचा घसा बसला. मग एकदा उतरल्यावर बाई म्हणाल्या, "काका, ब्रेक धरून ठेवा." त्यांनी दार उघडलं, उशी काखेत घेतली, रिकाम्या जागेचा पट्टा माझ्यात अडकू नये म्हणून घट्ट बांधला आणि चालू लागल्या.

मी हादरलो. अहो बाई, मला कोणाच्या भरवशावर सोडून चाललात? आत्ताच एवढं रामायण झालं ना?

विमान उडालं. माझ्यावर कोणाचा हात नव्हता. पण सळईतून मला भाऊ कळत होता. त्याच्यावर हात होता, हलका आणि पक्का. पाखरं उठली होती त्या जागी आम्ही आलो, आणि काकांनी माझ्या बाजूच्या रिकाम्या बैठकीकडे वळून बसलेल्या घशाने सांगितलं, "विमान माझ्याकडे आहे!"

तिथे कोणी नव्हतं, मित्रांनो. तरी त्यांनी सांगितलं. मी पोलादाचा आहे म्हणून, नाहीतर रडलोच असतो.

एक लहानशी उडी मारून विमान टेकलं. काकांनी इंजिन बंद केलं. बाई धावत आल्या. गवतात उभ्या असताना त्यांनी उजव्या हाताची मूठ अशी धरून ठेवली होती की जणू मीच तिच्यात आहे, आणि ती अजून उघडली नव्हती. साहेब मागून येत होते.

"मॅडम, घ्या," काका म्हणाले. "विमान तुमच्याकडे."

बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

"मान नको, मॅडम," काका म्हणाले. "तोंडानं सांगा."

"माझ्याकडे," बाई म्हणाल्या, आणि आत हात घालून त्यांनी मला धरलं.

मित्रांनो, घरी दूध गॅसवर असतं, पाळण्यात बाळ असतं, आजोबांना रस्ता ओलांडायचा असतो. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. तुमच्यात कितीही जमत असलं, तरी काही सोपवाल तेव्हा मोठ्याने सांगा आणि घ्याल तेव्हाही सांगा. कोणाचाच हात नसतो तेव्हा कसं वाटतं, ते मी भोगलं आहे.